हमीची मुदत आणि बिजागरीचा तडा

लॅपटॉपचे झाकण उघडताना एके दिवशी करकर आवाज येतो आणि बिजागरीपाशी प्लास्टिकला गेलेला केसाएवढा तडा दिसतो. यंत्र चालू असते, पडदा शाबूत असतो. म्हणून काही आठवडे तिकडे दुर्लक्ष होते. पुढे झाकण मिटताना कवचाची कड वर उचलली जाते आणि आतल्या तारा दिसू लागतात. ही गोष्ट पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घडते, आणि हमीची मुदत बहुधा एका वर्षाची असते.

अधिकृत सेवाकेंद्रात मिळणारे उत्तर ठरलेले आहे. हमी संपली आहे. शिवाय हा ‘फिजिकल डॅमेज’ असल्याने हमी असती तरी तो तिच्यात बसला नसता! या उत्तराचा दुसरा भाग पहिल्याहून अधिक विचार करण्याजोगा आहे. कारण असा तडा यंत्र पडल्यानेच जातो असे नाही. बिजागरी धातूची असते. तिचे स्क्रू प्लास्टिकच्या कवचात बसविलेल्या इवल्याशा पितळी नळ्यांत आवळलेले असतात. कालांतराने बिजागरी घट्ट होते, झाकण उघडण्याचा सारा जोर त्या नळ्यांवर येतो आणि त्या प्लास्टिकमधून उपटून निघतात. दिवसातून चार वेळा झाकण उघडणे हा गैरवापर असेल, तर योग्य वापर कोणता, हे कंपन्यांनीच सांगावे. यंत्र आपटणारे ग्राहक असतात, हे खरे. परंतु अपघात कोणता आणि रचनेतील दोष कोणता, हे ठरविण्याचा अधिकार विक्रेत्या पक्षाकडेच असावा, हे न्यायाला धरून नाही.

त्यातही अडचण अशी की, कित्येक नमुन्यांत वरचे कवच व कळफलक मिळून एकच सुटा भाग विकला जातो. चार नळ्या निखळल्या म्हणून ग्राहकाने उत्तम चालणारा कळफलकही टाकून द्यावयाचा. २०२० साली शाळा-महाविद्यालये घरात आली तेव्हा अनेक शिक्षकांनी व पालकांनी हप्त्याने लॅपटॉप घेतले. अशा घरात हा खर्च म्हणजे ‘यापेक्षा नवाच घ्या’ असे सुचविणेच होय.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर हे सुचवीत नाही. तो नळी पुन्हा बसवितो, भोवती इपॉक्सी भरतो, बिजागरी किंचित सैल करतो. क्वचित कवचाला आरपार छिद्र पाडून स्क्रू घालतो. काम देखणे नसते, पण झाकण मिटते. मात्र मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहितीपत्रके त्याला सहसा मिळत नाहीत, म्हणून तो मोडीतल्या यंत्रांचे अवयव वापरतो.

मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण अर्थातच अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने वस्तूची दुरुस्ती कितपत सुलभ आहे हे दर्शविणाऱ्या निर्देशांकाविषयी अहवाल दिला. पण त्यात अग्रक्रम मोबाइल व टॅब्लेट यांना आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला, त्यात लॅपटॉप पहिल्यापासून होते. सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, यालाही तेथे गुण आहेत. बिजागरीच्या ग्राहकाला नेमके हेच हवे आहे. सुटे भाग स्वस्तच द्या, असा त्याचा हट्ट नाही; बिजागरी, कवच व कळफलक यांचे वेगवेगळे दर आणि ते किती वर्षे मिळतील, एवढे खरेदीच्या वेळीच छापील स्वरूपात कळावे.

तोपर्यंत सेवाकेंद्राचा नकार तोंडी ऐकून परत फिरू नये. तडा कशामुळे गेला असे केंद्राचे म्हणणे आहे, ते लेखी मागावे व तड्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविताना हा कागद उपयोगी पडतो.