पेशींची सफाई : कुठे उपाय, कुठे अपाय?

जिना चढताना धाप लागते, पायांना सूज येते, कधी चक्कर येते. तिशी-चाळिशीतील स्त्रीने अशी तक्रार केली की पहिला अंदाज बहुधा रक्त कमी असल्याचा, दम्याचा किंवा वाढलेल्या वजनाचा असतो. मोजक्या जणींच्या बाबतीत मात्र कारण वेगळेच निघते. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात आणि त्यातून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकत चाललेली असते. पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन हे या आजाराचे नाव. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब यात अगदी सामान्य असू शकतो, त्यामुळे आजार नजरेतून सुटतो. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णनोंदणीत, साधारण पाचपैकी एका रुग्णाच्या बाबतीत लक्षणे सुरू झाल्यापासून आजार ओळखला जाईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसले होते.

या आजाराच्या संशोधनात सध्या एका प्रश्नाला महत्त्व आले आहे : रक्तवाहिनीच्या पेशी स्वतःची सफाई कशी करतात आणि ती सफाई चालू-बंद कोण करते?

प्रत्येक पेशीत जुनी प्रथिने, बिघडलेले भाग साचत असतात. पेशी हा कचरा एका पिशवीत बांधून लायसोसोम या आम्लयुक्त कप्प्याकडे पाठवते. तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते पुन्हा वापरले जातात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या प्रक्रियेला ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. ती चालवणारी जनुके यीस्टमध्ये शोधून काढणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हापासून ‘उपास करा, ऑटोफॅजी वाढवा, आजार पळवा’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. सफाई म्हणजे चांगलीच, हे गृहीतक त्यामागे आहे. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा अनुभव त्याला छेद देतो.

२०११ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात सफाईसाठी लागणारे एलसी३बी हे प्रथिनच नसलेले उंदीर कमी प्राणवायूच्या हवेत ठेवले गेले. त्यांच्या फुप्फुसांतील रक्तदाब इतर उंदरांपेक्षा जास्त वाढला. म्हणजे सफाई संरक्षण करत होती. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने हा आजार निर्माण केलेल्या उंदरांना क्लोरोक्विन दिले. मलेरियावरचे हे जुने औषध लायसोसोममधील आम्लता घटवते आणि सफाई अडवते. इथे सफाई थांबल्यावर आजाराची वाढ रोखली गेली.

हे कोडे सुटते ते बीएमपीआर-२ या जनुकापाशी. रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशींची वाढ आटोक्यात ठेवणारे प्रथिन या जनुकापासून बनते. घराण्यात हा आजार असलेल्या बहुतेक कुटुंबांत याच जनुकात दोष असतो, हे २००० साली कळले. तरीही दोष असलेल्या बहुसंख्य जणांना आजार होत नाही. जनुक जवळ असणे आणि त्यातून पुरेसे प्रथिन मिळणे, मिळालेले टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सफाईची यंत्रणा कचऱ्याबरोबर हे कामाचे प्रथिनही लायसोसोममध्ये नेऊन टाकते. आधीच तुटवडा असलेल्या पेशीत हे नुकसान महागात पडते. क्लोरोक्विनने उंदरांत ते वाचवले.

सफाई किती आणि केव्हा व्हावी हे इतर जनुके ठरवतात. टीएफईबी हे प्रथिन लायसोसोमसाठी लागणारी अनेक जनुके एकदम चालू करते. पेशीला अन्न भरपूर मिळत असेल तर एमटॉर ही यंत्रणा त्याला आवर घालते. फॉक्सओ१ हा असाच आणखी एक नियंत्रक सफाईची जनुके चालू करतो आणि पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालतो. रुग्णांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत तो मंदावलेला असतो, हे २०१४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवले.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट केले. त्याचा विषय होता एनसीओए७ हे जनुक. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशींत लायसोसोमचे काम सुरळीत ठेवण्यास ते मदत करते. काही माणसांत या जनुकातील एका अक्षराच्या फरकामुळे त्यातून कमी प्रथिन तयार होते. मग लायसोसोमचे काम बिघडते, कोलेस्टेरॉलपासून बनणारे काही पदार्थ साचतात, अस्तराला सूज येते आणि आजार बळावतो. या जनुकाला चालना देणाऱ्या रेणूने प्राण्यांमध्ये सुधारणा दिसली. माणसांसाठीचे औषध अजून दूर आहे.

लायसोसोमचे काम क्लोरोक्विनने अडवले तेव्हा उंदरांना फायदा झाला आणि एनसीओए७ कमी पडल्याने बिघडले तेव्हा नुकसान झाले. पहिल्या प्रयोगात भर होता रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींवर, दुसऱ्यात अस्तरावर. तेव्हा ‘सफाई वाढवावी की थांबवावी’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणत्या पेशीत, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि काय वाचवण्यासाठी, हे आधी ठरवावे लागते.

यातून दोन इशारे निघतात. उपासाने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, या दाव्याला आधार नाही. थकलेल्या हृदयाच्या रुग्णाने मनाने उपासतापास करणे धोक्याचे ठरू शकते. दुसरा इशारा क्लोरोक्विनच्या कुळातील औषधांचा. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी औषधांच्या दुकानांत उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. ही औषधे हृदयाचे ठोके अनियमित करू शकतात, दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्यालाही इजा करतात. उंदरांवरचा प्रयोग हे औषधाचे प्रिस्क्रिप्शन नव्हे.

जनुकांच्या अभ्यासातून काहीच हाती लागले नाही, असेही नाही. बीएमपीआर-२ चे बिघडलेले संतुलन सावरणाऱ्या सोटाटरसेप्ट या इंजेक्शनला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत २४ आठवड्यांनंतर, आधीचे उपचार चालूच असलेल्या रुग्णांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर हे इंजेक्शन न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ४० मीटरने वाढले. जिना चढता न येणाऱ्याला या मीटरांची किंमत कळते. पण तिथे एका कुपीची छापील किंमत सुमारे १४ हजार डॉलर होती. भारतातील बहुतेक रुग्णांचा आधार अजूनही सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, बोसेंटन अशा रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्याच आहेत.

या गोळ्यांचाही उपयोग आजार वेळेत कळला तरच. हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको ही पहिली पायरी. संशय बळावला तर उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजतात. विश्रांतीत सरासरी २० मिलिमीटरपेक्षा जास्त आढळला तर तो वाढलेला मानतात. भारतात हा दाब वाढण्यामागे लहानपणच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप, जन्मजात हृदयातील छिद्र किंवा जुनाट फुप्फुसविकारही असू शकतो. यांतील काही कारणांवर वेळेवर इलाज होतो. रक्तवाढीच्या गोळ्या घेऊनही धाप कमी होत नसेल, तर पुढची चिठ्ठी इकोची असायला हवी.