पोरांना झाडावर चढू द्या

मुंबईला गिरगावात फणसवाडी आहे. नावात फणस, पण वस्ती चाळींची. तिकडच्या पोरांनी चढावे कशावर? गोकुळाष्टमीची हंडी, नाहीतर व्यायामशाळेतला मल्लखांब. त्यातही १४ वर्षांखालील मुलांना हंडीच्या थरांत घेणार नाही, असे राज्य सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात सांगितले. योग्यच झाले. आपल्या बांधावर मात्र पेरू, चिंच उभी, तरी आपण पोराला खाली ओढतो!

चार-पाच वर्षांचे मूल बुटक्या पेरूवर चढू द्यावे, आपला हात पोहोचेल तेवढेच. उचलून फांदीवर बसवू नये. जे आपले आपण चढते त्याला उतरायची वाट ठाऊक असते. उतरणे आधी शिकवावे: तोंड खोडाकडे, पाय चाचपत खाली. दोन हात, दोन पाय. त्यांतले तीन घट्ट असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही.

शेवगा, जांभूळ कडाकड मोडतात, ती झाडे वर्ज्य. वाळकी फांदी आधीच छाटा. विहिरीकाठचे, विजेच्या तारेजवळचे झाड नको. पावसाळ्यात साल निसरडी होते, तेव्हा थांबावे. बुंध्याशी दगड वेचून भुसकट पसरा. आणि मुलींनाही चढू द्या; कपडे तेवढे आटोपशीर हवेत, फांदीत अडकतात.