तुमचा काय संबंध?

माहितीचा अर्ज घेऊन कचेरीत गेलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलाय. रस्त्याचं बिल मागा, रेशनचा साठा विचारा, टेबलापलीकडून पहिलं वाक्य हेच. मला तर बातमीदारीत इतक्या वेळा ऐकवलंय की आता रागही येत नाही. पण हाच प्रश्न न्यायाधीशांनाच विचारला गेला, आणि तोही एका न्यायालयाने, तर? युरोपात हे घडलंय. आपल्या पेपरांत मला तरी त्याची ओळ दिसली नाही, म्हणून आज थोडं लांबड लावतो.

हे न्यायाधीश कोण ते आधी सांगतो. जर्मनी, फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया अशा देशांत नागरिक विरुद्ध सरकार या भांडणांसाठी वेगळी प्रशासकीय न्यायालयं आहेत. बांधकाम परवानगी नाकारली, कर जास्त लावला, निर्वासिताचा अर्ज फेटाळला, की दाद तिथे मागायची. म्हणजे समोरचा पक्षकार जवळपास दरवेळी सरकारच. आणि न्यायाधीशाची नेमणूक, बढती, पगार या गोष्टीही कुठल्या ना कुठल्या वाटेने सरकारपर्यंत जातातच. खरी गोम इथे आहे.

आपल्याकडे काय? फेरफारावर हरकत असेल तर अपील प्रांताकडे, मग अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त, आणि शेवटी थेट मंत्र्यासमोर सुनावणी. नोंद घेणारं खातं महसूल, चूक तपासणारंही महसूल. सुनेची तक्रार सासूकडे आणि सासूची आजेसासूकडे, असला प्रकार. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९९१ पासून 'मॅट' आहे, मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला. बदलीच्या खेळात भरडलेल्या तलाठ्याला, पोलिसाला विचारा, 'मॅट' नसतं तर काय झालं असतं.

तर युरोपातल्या या न्यायाधीशांनी २००० साली एक संघटना काढली. असोसिएशन ऑफ युरोपियन अॅडमिनिस्ट्रेटिव्ह जजेस. मुक्काम जर्मनीतलं ट्रियर, म्हणजे कार्ल मार्क्सचं जन्मगाव (योगायोग आहे, लगेच लाल झेंडा शोधू नका). देशोदेशीच्या न्यायाधीश संघटना तिच्या सभासद. निर्वासित, पर्यावरण, कर या विषयांवर त्यांचे गट काम करतात, पत्रकं काढतात. खरं सांगायचं तर त्यांची पत्रकं म्हणजे सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, वाचताना डुलकी लागते. पण २०२२ मध्ये या मंडळींनी एक धाडस केलं.

पोलंडमध्ये तेव्हाच्या सरकारने न्यायाधीशांना वठणीवर आणायला सर्वोच्च न्यायालयात एक शिस्तभंग कक्ष काढला होता. निकाल नावडला की न्यायाधीश निलंबित. जानेवारी २०२० मध्ये वॉर्सात न्यायाधीश झगे घालून रस्त्यावर उतरले, इतर देशांतले न्यायाधीशही त्यांच्या सोबत चालले. २०२१ च्या जुलैत युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही शिस्तभंगाची व्यवस्था बेकायदा ठरवली. पोलंड ऐकेना, तेव्हा रोज दहा लाख युरो दंड लावला.

आणि मग २०२२ च्या जूनमध्ये संघाच्या मंत्र्यांच्या परिषदेने त्याच पोलंडची कोविडनंतरची सुमारे ३५ अब्ज युरोंची योजना मंजूर केली. अटी घातल्या, नाही असं नाही. कक्ष बरखास्त करा आणि निलंबितांची प्रकरणं नव्या कक्षापुढे पुन्हा तपासा. आता बघा, ज्यांना मुळात बेकायदा घरी बसवलं त्यांनीच परत अर्ज करायचा, परत तारखा घ्यायच्या! न्यायालयाच्या निकालापेक्षा या अटी ढिल्या आहेत, असं म्हणत प्रशासकीय न्यायाधीशांची ही संघटना आणि न्यायाधीशांच्या आणखी तीन संघटना ऑगस्टमध्ये परिषदेविरुद्ध कोर्टात गेल्या.

जून २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने दावा दाखल करून घ्यायलाच नकार दिला. या अटी पैशाच्या आहेत, न्यायाधीशांच्या कायदेशीर स्थितीवर त्यांचा थेट परिणाम नाही, म्हणून तुम्हाला दावा करण्याचा अधिकार नाही. कायद्याच्या भाषेत दोन पानं लागतील, गावच्या भाषेत तीन शब्द: तुमचा काय संबंध?

मला हे अजिबात पटलेलं नाही. न्यायाधीशांच्या निलंबनाचा प्रश्न न्यायाधीशांच्या संघटनेने मांडायचा नाही तर कुणी? निलंबित माणूस एकटा परिषदेशी लढणार? तुर्कस्तानात काय झालं ते आठवा. २०१६ च्या उठावाच्या प्रयत्नानंतर दुसऱ्याच दिवशी २,७०० हून जास्त न्यायाधीश आणि सरकारी वकील बाजूला केले, यारसाव ही न्यायाधीशांची संघटना फर्मानाने बंद केली आणि तिचे अध्यक्ष मुरात अर्सलान यांना आत टाकलं. २०१७ चा हवेल मानवाधिकार पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ते तुरुंगात होते. २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आधी संघटना मोडायची, मग माणूस मोडायचा, क्रम हाच असतो.

या बाबतीत आपलं सर्वोच्च न्यायालय युरोपाच्या पुढे आहे, हे छातीठोक सांगतो. १९८१ मध्ये न्यायाधीशांच्या बदल्यांबाबत कायदामंत्र्यांनी पत्रक काढलं. त्याविरुद्ध मुंबईतले वकील हायकोर्टात गेले, इक्बाल छागला त्यात होते. सरकारने हाच मुद्दा काढला: वकिलांचा काय संबंध? पुढे एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी तो मुद्दा उडवून लावला. नेमणुकांच्या मुद्द्यावर तेव्हा सरकारची सरशी झाली, ते वेगळं. पण दार उघडलं आणि जनहित याचिका त्याच दारातून आली.

न्यायाधिकरणांचंही तसंच. सदस्यांना फक्त चार वर्षांची मुदत आणि नेमणुकीला किमान पन्नास वय, ही अट जुलै २०२१ मध्ये कोर्टाने रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेने तीच कायद्यात परत घातली! नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने पुन्हा रद्द केली. दोन्ही वेळा लढली ती मद्रास बार असोसिएशन, म्हणजे वकील. ज्यांची मुदत चार वर्षांवर आणली त्या सदस्यांच्या बाजूने बोलणारी त्यांची स्वतःची भक्कम संघटना आपल्याकडे दिसते का? चार वर्षांनी ज्या सरकारकडे फेरनेमणूक मागायची, त्याच्याविरुद्ध तो सदस्य काय निकाल देणार, तुम्हीच विचार करा.

काही जण म्हणतील, आधीच न्यायाधीशांना कुणी विचारत नाही, त्यात युनियन कशाला? तक्रार खोटी नाही. तारीख पे तारीख मीही कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बघितलंय, आणि न्यायाधीशांच्या सुट्ट्यांवर याच भिंतीवर लिहून शिव्याही खाल्ल्यात. पगारवाढीसाठी संप करणारी युनियन मलाही नको. पण निकाल दिला म्हणून घरी बसवलेल्या सहकाऱ्यासाठी दुसऱ्या देशातला न्यायाधीश कोर्टाची पायरी चढतो, ती गोष्ट वेगळी आहे. दोन्हीला एकाच मापाने मोजू नका.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, पोलंडशी आपला काय संबंध? विचारा. मात्र आधी तुमचं फेरफाराचं अपील कुणासमोर चालू आहे आणि त्याची बदली कोण करतं, तेवढं लिहा.