टीव्हीच्या खोक्यावर काय छापलेले असावे? : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

प्रति,
ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : दूरचित्रवाणी संचाच्या वेष्टनावर ग्राहकास द्यावयाच्या माहितीबाबत

महोदय,

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि लहान-मोठ्या पडद्यांमधील करभेद संपला, त्यामुळे आजवर 32 इंचांपाशी थांबणाऱ्या कुटुंबालाही 43 किंवा 55 इंचांचा विचार करणे सोपे झाले. कर कमी करणे सरकारच्या हातात होते व ते झाले. परंतु हॉलच्या भिंतीवर पुढची सात-आठ वर्षे राहणारी ही वस्तू नेमकी कशी आहे, हे ग्राहकाला दुकानात उभे राहून कळावे, अशी व्यवस्था मात्र अद्याप झालेली नाही. वैधमापन शास्त्राचे नियम आणि भारतीय मानक ब्युरो ही दोन्ही याच विभागाच्या कक्षेत येत असल्याने हे पत्र त्यास उद्देशून आहे.

2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांमुळे टीव्हीच्या खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असतो, तसेच पडद्याचा कर्णही सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. ही माहिती लहान अक्षरांत एका कडेला असते. खोक्याच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत जे असते (फोर-के, एचडीआर, अब्जावधी रंग, सिनेमासारखा आवाज) त्यांपैकी बहुतेक शब्दांना कोणतीही किमान अट बांधलेली नसते. कायद्याने तपासलेली माहिती आणि विक्रीसाठी लिहिलेले शब्द एकाच पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी येतात आणि खरेदीचा निर्णय मात्र दुसऱ्यावरून होतो.

प्रथम चित्राच्या सुस्पष्टतेचा विचार करता येईल. पडद्यावरील चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यावर ते आडवे 1920 व उभे 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख असतात, तर फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे त्यांच्या चौपट. परंतु हे चौपट ठिपके डोळ्याला दिसतात की नाही, ते पडद्याचा आकार आणि बसण्याचे अंतर यांवर ठरते. निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनात असलेले दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. या हिशेबाने 43 इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके सुमारे 1.7 मीटरपलीकडून एकमेकांत मिसळून जातात, 55 इंची पडद्याचे सुमारे 2.2 मीटरपलीकडून आणि 65 इंची पडद्याचे सुमारे 2.6 मीटरपलीकडून. मुंबई-पुण्याच्या मध्यम सदनिकेत सोफा आणि समोरची भिंत यांत साधारण आठ फूट, म्हणजे 2.4 मीटर अंतर धरले, तर 43 इंचांच्या पडद्यासाठी फोर-केचे जादा पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला त्या जादा ठिपक्यांचा लाभ बसल्या जागेवरून जवळपास होत नाही. त्याच अंतरावर दृष्टीचा तीस अंशांचा कोन भरेल असा पडदा हवा असल्यास (चित्रपटतंत्रज्ञांच्या जुन्या शिफारशीत हा कोन सुचवलेला आहे) तो साठ इंचांच्या आसपासचा ठरतो. तेव्हा अशा घरात आकार हा सुस्पष्टतेच्या आधीचा प्रश्न आहे, आणि दुकानात तो नेमका उलट क्रमाने विचारला जातो.

प्रक्षेपणाची बाजूही लक्षात घ्यावी लागते. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशवरून येणारी सह्याद्रीसारखी वाहिनी जुन्या प्रमाण सुस्पष्टतेत, म्हणजे 576 ओळींच्या चित्रात पाहिली जाते. 720 गुणिले 576 या हिशेबाने त्या चित्रात जेवढे ठिपके असतात, त्यांच्या बरोबर वीसपट ठिपके फोर-के पडद्यावर असतात. याचा अर्थ असा की वीस ठिपक्यांपैकी एकोणीस टीव्हीने स्वतः अंदाजाने भरायचे असतात, आणि हे काम किती चांगले होते ते आतल्या प्रक्रिया-चिपवर अवलंबून असते. ज्या घरात सायंकाळच्या बातम्या आणि मालिका याच वाहिन्यांवर पाहिल्या जातात, तेथे स्वस्त फोर-के संच जुन्या संचापेक्षा धूसर वाटण्याचे कारण हेच असते. डिशची तार थेट टीव्हीला जोडता यावी यासाठी अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या संचांचे मानक, आयएस 18112, भारतीय मानक ब्युरोने तयार केले आणि जानेवारी 2023 मध्ये ते जाहीर झाले, ही विभागाची स्तुत्य कामगिरी आहे. त्याचा उल्लेख खोक्याच्या दर्शनी बाजूस दिसू लागला, तर ग्रामीण ग्राहकाचा वेगळ्या सेट-टॉप बॉक्सचा खर्च व दुसऱ्या रिमोटचा व्याप वाचेल.

एचडीआर या शब्दाची स्थिती अधिक चिंताजनक आहे. चित्रातील अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग एकाच वेळी तपशिलासह दाखवण्याच्या तंत्राला हे नाव आहे. त्यासाठी पडद्याला पुरेशी प्रखरता लागते आणि ती निट या एककात, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे एक कँडेला या मापाने, मोजतात. अल्ट्रा एचडी अलायन्स या उद्योगसंघाने 2016 मध्ये आपल्या उच्च श्रेणीच्या चिन्हासाठी द्रवस्फटिक पडद्याला किमान 1000 निटची कमाल प्रखरता आवश्यक ठरवली होती. स्वस्त संचांमध्ये याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी प्रखरताही क्वचितच असते, तरीही एचडीआर संदेश स्वीकारता येतो एवढ्याच कारणाने तो शब्द त्यांच्या खोक्यावर येतो. दुकानातील मांडणीवरून ग्राहकाला हा फरक कळू शकत नाही, कारण तेथे संच बहुधा दुकानासाठीच्या खास मोडमध्ये, रंग व उजेड चढवून ठेवलेले असतात आणि त्यांवर फुले, मासे, पाण्याचे थेंब अशी निवडक चित्रफीत फिरत असते. काळोख्या दृश्यात पडदा राखाडी होतो की काळा राहतो, हे त्या चित्रफितीत तपासायला जागाच नसते. रिफ्रेश रेटबाबत, म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र उभे करतो त्याबाबत, हाच प्रकार आहे: 60 हर्ट्झच्या पडद्याला ‘मोशन’ असा काही शब्द जोडून दुप्पट-चौपट आकडा छापला जातो. निटमधील मोजलेली प्रखरता आणि पडद्याचा मूळ रिफ्रेश रेट हे दोन आकडे छापणे बंधनकारक झाले, तर अशा शब्दांची बरीचशी गरज आपोआप संपेल.

तथापि वरील सर्व उणिवा पहिल्या दिवसाच्या चित्राशी संबंधित आहेत. संच घरात किती वर्षे टिकेल, या प्रश्नावर खोके पूर्णपणे गप्प असते, आणि या पत्राचा मुख्य आग्रह त्याविषयी आहे.

आजचा टीव्ही हा पडदा आणि छोटा संगणक यांची जोडगोळी आहे. पडदा दहा वर्षे उत्तम चालू शकतो. परंतु त्यामागच्या संगणकाची स्मृती स्वस्त संचांत अगदी बेताची असते, ॲप मात्र दरवर्षी जड होत जातात, आणि उत्पादकाने फर्मवेअर, म्हणजे संच चालवणारी मूळ प्रणाली, अद्ययावत करणे थांबवले की सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात व एकेक ॲप चालेनासे होते. 2019 मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरील आपली सेवा थांबवली, तेव्हा त्या संचांचे पडदे बिघडलेले नव्हते. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते म्हणून रुग्ण ती पाहून घेतो. स्मार्ट टीव्हीलाही अशी मुदत असते, परंतु ती उत्पादकाच्या मनात असते आणि ग्राहकाला ती संपल्यानंतरच कळते. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून लागू केलेल्या नियमांनुसार एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान आठ वर्षे त्याचे अद्ययावत फर्मवेअर आणि किमान सात वर्षे ठरावीक सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकाला सुरक्षा-अद्यतने किमान केव्हापर्यंत देणार ते जाहीर करावे लागते. भारतात विकणाऱ्या अनेक कंपन्या त्या बाजारांतही विकतात. तेव्हा अशी मुदत पाळणे व सांगणे त्यांना अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. एलईडी टीव्ही म्हणून विकला जाणारा बहुतेक संच द्रवस्फटिक पडद्याचा असतो आणि त्या पडद्याला स्वतःचा उजेड नसल्याने मागे पट्ट्यांवर बसवलेल्या एलईडी दिव्यांचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, द्यावा लागतो. हे दिवे एकापुढे एक अशा सरीत जोडलेले असल्यामुळे एक दिवा गेला तरी पूर्ण माळ विझू शकते. अशा वेळी आवाज येत राहतो पण पडदा काळा होतो, आणि अंधारात पडद्यावर टॉर्च धरला असता मागचे चित्र पुसटसे हलताना दिसते. गल्लीतला कारागीर नेमके हेच करून निदान करतो. त्यानंतर तो पडदा उतरवतो, प्रकाश पसरवणारे पातळ थर बोटांचे ठसे न उमटू देता बाजूला काढतो, पट्टी बदलतो आणि सर्व पुन्हा त्याच क्रमाने बसवतो; या कामात पडद्याच्या कडेची नाजूक रिबन फाटली, तर मात्र ‘पॅनेल गेले’ असे सांगण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग नसतो. पट्टीची किंमत संचाच्या मानाने किरकोळ असते, तर नवे पॅनेल नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जाते. योग्य मापाची अस्सल पट्टी आणि संच उघडण्याची उत्पादकाची सूचनापत्रिका त्या कारागिराला सहज मिळते की नाही, यावर तो संच भिंतीवर परत जातो की भंगारात, हे ठरते. अधिकृत सेवा केंद्रात वॉरंटी संपलेल्या संचाला अनेकदा थेट नव्या पॅनेलचा अंदाज दिला जातो, आणि त्या आकड्याकडे पाहून कुटुंब नवा टीव्ही घेते.

विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू केले, आणि दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाची चौकट सुचवणारा समितीचा अहवाल मे 2025 मध्ये विभागाकडे आला. त्या अहवालात पहिला भर स्मार्टफोन व टॅब्लेटवर आहे. तो समजण्यासारखा आहे; परंतु फोन दोन-तीन वर्षांनी बदलण्याची सवय अनेकांना लागलेली असताना, दहा वर्षे टिकावा म्हणून कर्ज-हप्त्यावर घेतलेला टीव्ही रांगेत मागे ठेवणे योग्य नाही. फ्रान्सने 2021 पासून अशा निर्देशांकात दूरचित्रवाणी संचांचा समावेश केला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांच्यासाठी त्याहून व्यापक टिकाऊपणा-निर्देशांक आणला.

विभागाकडे मागणी आहे ती नव्या कायद्याची नव्हे. आवेष्टित वस्तू नियमांत दूरचित्रवाणी संचासाठी काही घोषणा वाढवाव्यात: मूळ पिक्सेलसंख्या, मूळ रिफ्रेश रेट, मोजलेली प्रखरता, कोणत्या अंतरापासून पाहण्यास हा पडदा योग्य ते अंतर, फर्मवेअरची अद्यतने मिळण्याची मुदत, आणि पॅनेल, बॅकलाइट पट्टी, वीजपुरवठा फलक व रिमोट हे सुटे भाग किती काळ मिळतील याची हमी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलाशीही याची सांगड घालता येईल, कारण युरोपीय लेबलावर साध्या आणि एचडीआर चित्राचा वीजवापर वेगवेगळा दाखवला जातो व ती पद्धत भारतीय ग्राहकालाही उपयोगी आहे. सध्याच्या नियमांनुसार या घोषणा हिंदीत किंवा इंग्रजीत असाव्या लागतात व प्रादेशिक भाषा ऐच्छिक राहते. टीव्हीसारख्या वस्तूच्या बाबतीत, जिथे एक आकडा चुकीचा समजला तर हजारो रुपयांचा फरक पडतो, विक्रीच्या राज्याची भाषा, महाराष्ट्रात अर्थातच मराठी, त्यांत जोडली जावी.

फर्मवेअरच्या मुदतीबाबत एक गोष्ट विशेष काळजीने ठरवावी लागेल. ‘तीन वर्षे अद्यतने’ असे शब्द छापण्यास परवानगी दिल्यास ती तीन वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून, निर्मितीपासून की खरेदीपासून, हा वाद कायम राहील. दसरा-दिवाळीच्या सवलतीत जे संच स्वस्त मिळतात, त्यांतले बरेचसे आदल्या वर्षीचे वा त्याआधीचे मॉडेल असतात आणि त्यांच्या मुदतीचा मोठा भाग गोदामातच संपून गेलेला असतो. म्हणून वर्षांची संख्या न छापता मुदत संपण्याचा महिना व वर्ष छापले जावे, आणि ते निर्मितीच्या महिन्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत असावे.