पीजचे केंद्र आणि आपला गल्ला

आपल्या गावचे स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्र असावे, बाजारभावापासून कारागिरांच्या अडचणींपर्यंत सारे त्यावर आपल्या बोलीत यावे, असे अनेक व्यापारी बांधव बोलून दाखवतात. मात्र पैसा कोणी घालायचा, असे विचारले की बैठक तेथेच संपते. अशा बांधवांना आम्ही गुजरातमधील पीज गावची हकीकत सांगू इच्छितो.

खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ साली अवघ्या १ किलोवॅट शक्तीचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. कार्यक्रमांची जबाबदारी अहमदाबादच्या इस्रोच्या मंडळींकडे होती. ही मंडळी आधी गावात जाऊन लोकांना काय हवे ते विचारत आणि मग कार्यक्रम करत. शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, हुंडा, गुरांचे आजार असे विषय त्यात असत. गावातील माणसेच पडद्यावर दिसत. गावकरी सामूहिक संचापुढे एकत्र बसून पाहत. जाहिरात एकही नसे. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संपर्काबद्दलचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ मध्ये केंद्र बंद करण्यात आले! गावकऱ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही.

असे का झाले? कार्यक्रम गावाचे होते, पण यंत्र सरकारचे, पैसा सरकारचा आणि निर्णयही सरकारचाच. प्रेक्षकाला त्यात मत नव्हते.

आता याच जिल्ह्यातील दुसरी गोष्ट पाहा. १९४६ साली आणंद येथे दूध उत्पादकांचा सहकारी संघ नोंदला गेला. त्याचे दूध मुंबईला येई. पुढे तोच अमूल म्हणून देशभर गाजला. दूध घालणारा सभासदच तेथे मालक असल्याने तो संघ आजही उभा आहे. माती एकच, माणसे तीच. फरक मालकीचा होता.

आज आपले दुकानदार मोबाइलवर फुकट जाहिरात करतात आणि त्यावर खूश असतात. जरूर करावी. पण तो फलकही परक्याचा आहे. उद्या त्याने नियम बदलले तर दाद कोणाकडे मागणार?

आमच्या मते भिवंडी-मालेगावचे यंत्रमागधारक असोत की एखाद्या तालुक्याचे सुतार-लोहार, प्रत्येक बाजारपेठेच्या संघटनेने दरमहा थोडी वर्गणी बाजूला काढावी. त्यातून सुताचे भाव, सरकारी योजना, जुन्या उस्तादांचे कसब यांचे चित्रण करून घ्यावे आणि त्याच्या प्रती स्वतःच्या कार्यालयात जपाव्यात. हिशेब दरवर्षी सभासदांपुढे ठेवावा.

दोन चहांचे पैसे वाचवून हे होण्यासारखे आहे. गल्ल्यातून काही निघाले नाही, तर तक्रारीलाही जागा उरणार नाही.