लिग्निन रस्त्यावरच बरे

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील किलोमीटरभर पट्ट्यात डांबरात सुमारे १५ टक्के लिग्निन मिसळून रस्ता झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, साथ केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेची. लाकूड, चिपाड, पेंढा यांना ताठपणा देणाऱ्या या पदार्थापासून औषधे, सुगंध, प्लास्टिक असे बरेच काही बनवता येईल, असे संशोधक अनेक दशके सांगत आहेत. मग तो डांबरात कालवणे म्हणजे नासाडी वाटू शकते. माझ्या मते सध्या तरी तोच सर्वांत शहाणा उपयोग आहे, आणि त्याचे कारण लिग्निनच्या घडणीतच आहे.

सेल्युलोज ही एकट्या ग्लुकोजची सरळ साखळी, त्यामुळे विकरे तिला ठरावीक जागी तोडतात. लिग्निनला असा क्रमच नाही. तीन प्रकारच्या अल्कोहोलांचे रेणू वनस्पतीत जसे भेटतील तसे एकमेकांना जखडतात. ऑक्सिजनमार्फत जुळलेले बंध त्यातल्या त्यात तुटतात. कार्बन-कार्बन बंध सहजी दाद देत नाहीत. शिवाय उष्णतेने सुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून आधीपेक्षा चिवट गुंता करतात. म्हणूनच एखादे शुद्ध रसायन मिळवायचे तर हाती थोडे लागते आणि खर्च फार येतो. नॉर्वेतील बोरेगार्ड कंपनी १९६२ पासून स्प्रूसच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढते, हे खरे. पण लिग्निनचा अगदी थोडा भागच व्हॅनिलिन होतो. कंपनीचा पसारा काँक्रीटमध्ये घालायच्या लिग्नोसल्फोनेटसारख्या, रेणू फारसा न फोडता विकल्या जाणाऱ्या मालावरही उभा आहे. जगाची व्हॅनिलिनची गरज हजारो टनांत मोजतात, कागद-लगदा गिरण्यांतून सुटणारे लिग्निन कोट्यवधी टनांत. डांबर हेही मोठ्या, नाना तऱ्हेच्या रेणूंचेच मिश्रण. त्यामुळे शुद्धतेचा हट्ट तिथे लागतच नाही. शिवाय आपल्याला लागणाऱ्या डांबराचा मोठा हिस्सा आयात होतो.

लिग्निन बॉयलरमध्ये जाळले जातेच, मग ते काढून का घ्यायचे, हा आक्षेप वजनदार आहे. लगदा गिरण्या लगदा काढल्यावर उरलेला, लिग्निन असलेला काळा द्रव जाळून वाफ आणि रसायने दोन्ही परत मिळवतात. आपले साखर कारखाने चिपाडावर वीज करून विकतात. तिथे हात घालण्याचे कारण नाही. मात्र पेंढा किंवा चिपाडापासून इथेनॉल करताना साखर निघून गेल्यावर उरलेल्या गाळात लिग्निन दाटते. कारखान्याची वाफ भागून त्यातले जे शिल्लक राहील, त्यापुरताच माझा दावा आहे. पानिपतच्या भातपेंढ्यावरच्या इथेनॉल प्रकल्पाचे उद्घाटन २०२२ मध्ये झाले. असे कारखाने वाढले तरच हा साठा अर्थपूर्ण होईल.

दुसरी शंका टिकाऊपणाची, आणि ती मला जास्त सतावते. जादा लिग्निनने मिश्रण कडक होऊन भेगाळू शकते. भातपेंढ्याच्या लिग्निनमध्ये सिलिका जास्त, उसाच्या चिपाडातले निराळे. एकाचा निकाल दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. विदर्भाचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पाऊस ही चांगली परीक्षा आहे, पण निकाल लोकांसमोर आला तरच. मनसरच्या पट्ट्यावरची चाकोरी किती खोल गेली, भेगा किती पडल्या, याची मोजमापे शेजारच्या साध्या डांबरी पट्ट्यासह दरवर्षी जाहीर व्हावीत. त्यावरून लिग्निनमधील राख, ओलावा आणि मिश्रणाचे प्रमाण यांचे मानक ठरावे. निविदेत ज्याचे नाव नाही, ते कोणताही ठेकेदार रस्त्यात घालणार नाही.