सिंड्रेलाचा नकार

सिंड्रेला, हिमगौरी, सौंदर्यवती आणि पशू यांच्या कथा उलटवून सांगणारी कुमारवयीन वाचकांसाठीची अद्भुत कादंबरी गेल्या काही दशकांत इंग्रजीत चांगलीच रुजली आहे. रॉबिन मॅकिन्लीची ‘ब्यूटी’ (१९७८), गेल कार्सन लेव्हीनची ‘एला एन्चांटेड’ (१९९७), मलिंडा लोची ‘अ‍ॅश’ (२००९) आणि मेरिसा मायरची ‘सिंडर’ (२०१२) ही त्यातली ठळक नावे. या लेखनावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात: ते मूळ कथा बिघडवते, मुलांचा मानसिक आधार काढून घेते आणि गोष्टीच्या आडून मतप्रचार करते.

पहिला आक्षेप एकच एक ‘मूळ’ कथा गृहीत धरतो. तशी कथा हाती लागत नाही. मॅरियन रॉल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये सिंड्रेला आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या कथांची ३४५ रूपे एकत्र केली. सतराव्या शतकातल्या इटलीत बासिले या कथाकाराची नायिका पेटीचे झाकण मानेवर आपटून सावत्र आईचा जीव घेते. भोपळ्याची बग्गी आणि काचेचा बूट जगभर पोहोचले ते शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच कथेतून, आणि तिथे नायिका बहिणींना क्षमा करते. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत बग्गी नाही, परीही नाही. आईच्या थडग्यावरचे झाड आणि पक्षी मुलीला वस्त्रे देतात. शिवाय ग्रिम बंधूंनी आपल्याच संग्रहावर वारंवार हात फिरवला. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. ज्यांना आज मूळ कथांचे राखणदार मानले जाते, त्यांनीच त्या काळाच्या रुचीनुसार बदलल्या. तोच अधिकार आजच्या लेखिकेला नाकारायला आधार उरत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला वजन आहे. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मधल्या ‘द यूजेस ऑफ एन्चांटमेंट’ या ग्रंथात दाखवले की, कथेतली दुष्ट सावत्र आई लहान मुलाला स्वतःच्या आईवरचा राग निर्धास्तपणे अनुभवू देते. हे मान्य केले, तरी ते विवेचन प्रामुख्याने लहान मुलाचे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासमोर वेगळा प्रश्न असतो: मोठ्यांचे कोणते ऐकायचे आणि कुठे ठाम उभे राहायचे? त्याचे उत्तर ‘सोशिक राहा, फळ मिळेल’ या शिकवणीत सापडत नाही. शिवाय नव्या कथेने जुनी पुसली जात नाही. जुनी ठाऊक असलेल्यालाच नवीतली कलाटणी खरी कळते.

तिसरा आक्षेप प्रचाराचा. पेरोने आपल्या प्रत्येक गद्यकथेच्या शेवटी पद्यात तात्पर्य जोडले होते. म्हणजे उपदेश हा काही नव्या लेखिकांनी आणलेला संसर्ग नव्हे. मात्र एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. राजकन्येच्या हाती तलवार दिली, चेटकिणीला निर्दोष ठरवले आणि बाकी सारे जैसे थे ठेवले, तर ती वरवरची अदलाबदल ठरते. अशा पुस्तकांपुरता हा आक्षेप खरा आहे.

अस्सल उलटापालट कशी असते, हे ‘एला एन्चांटेड’मध्ये दिसते. सिंड्रेला सगळे निमूटपणे का सोसते, याचे उत्तर जुनी कथा तिच्या चांगुलपणात शोधते. लेव्हीन तिथेच शाप ठेवते. ल्युसिंडा ही परी तान्ह्या एलाला आज्ञाधारकपणाचे ‘वरदान’ देते. त्यानंतर कोणीही दिलेला हुकूम तिला पाळावाच लागतो. टाळायला गेली की शरीर यातना देते. तरी ती वाट काढते: मँडी या स्वयंपाकिणीने आणखी बदाम आणायला सांगितले की ती दोनच घेऊन येते. हॅटी ही भावी सावत्र बहीण तिचे मर्म ओळखते, आईचा मोत्यांचा हार हिसकावते आणि जिवाभावाची मैत्री तोडायला लावते. अखेरीस राजपुत्रच ‘माझ्याशी लग्न कर’ म्हणतो. एलाचे त्याच्यावर प्रेम आहे. पण ती राणी झाली, तर तिला हुकूम देऊन कोणीही राजाचा घात करवू शकेल. त्याच्या रक्षणासाठी ती सारे बळ एकवटून नकार देते, आणि त्या नकाराने शाप तुटतो. मग ती आपण होऊन लग्नाला तयार होते. नृत्यसमारंभ, बूट, विवाह, सारे जागच्या जागी आहे. बदलले आहे ते कारण. परीने सुटका केली नाही, राजपुत्रानेही नाही.

‘सिंडर’मध्ये अशी उलटापालट वेगळ्या रीतीने घडते. नायिका यंत्रमानवी अवयव असलेली कारागीर आहे. महालाच्या पायऱ्यांवर तिचा बूट राहत नाही, तिचे धातूचे पाऊलच निखळते. जुन्या कथेत नाजूक पाऊल ही निवडीची खूण होती. इथे पाऊल तिचे लपवलेले वेगळेपण राजपुत्रापुढे उघड करते.

म्हणून या प्रकाराची कसोटी स्पष्ट आहे. जुन्या कथेने न विचारलेला प्रश्न नवी कादंबरी विचारते का, आणि त्याचे उत्तर कथानकाच्या घडणीतून देते का, एवढेच पाहावे. या कसोटीला उतरणारी कादंबरी परंपरा मोडत नाही. बासिले, पेरो आणि ग्रिम यांनी केले तेच काम ती आपल्या काळासाठी करते. घरातल्या आणि शाळेतल्या कपाटात तिला जुन्या कथेच्या शेजारी जागा मिळालीच पाहिजे.